आत्ताच बाहेर गेलाय

प्रिय दादा,

काल दुकानाचे मालक आले होते. भाडेकरार तुझ्या नावावर, तो परस्पर दुसऱ्या कुणाला देता येत नाही, म्हणून तू परदेशी गेल्यापासून सहा वर्षं मी त्यांना एकच सांगतेय, "दादा आत्ताच बाहेर गेलाय, चहाला." खळीचे डाग पडलेला तुझा एप्रनही खुंटीवर तसाच आहे.

काल ते हसले. "ताई, चहाला इतक्या लांब जातात होय? महिनाअखेरपर्यंत त्याची संमती आणा, करार तुमच्या नावावर करतो. नाहीतर दुकान रिकामं करा."

संमतीपत्र सोबत आहे. तू सही केलीस की हे बाइंडिंगचं दुकान माझं.

पण मग तू आत्ताच बाहेर गेलायस, हे कुणाला सांगू?

हे पाकीट बंद करायला घेतलेली खळ एका पुस्तकाच्या पुठ्ठ्याला लावून टाकली. महिनाअखेरपर्यंत अजून बारा दिवस तू नुसता बाहेर गेलेला आहेस.

तुझी,
धाकटी