कूर्माचा नैवेद्य

बेंगळूर,
१० मार्च १९९७

तीर्थरूप अण्णा,

अहल्येचा वाकून नमस्कार. मंत्रालयम्‌ला ऊन तापलं असेल. सेवा पुरी होईपर्यंत मठातच राहणार म्हणालात, तर दुपारी नदीच्या वाळूत अनवाणी जाऊ नका, असा काकूंचा निरोप आहे. त्या म्हणतात, "मठातल्या स्वामींनाच सांग, माझ्या नवऱ्याला स्वतःच्या पायांचीही आठवण द्या."

इथे सगळं सरी आहे, काळजी नसावी. इंदिरानगरच्या ऑफिसात मला कायम केलं. परसातला कढीपत्ता पुन्हा फुटला. देवळाच्या कमानीचं रंगकाम संपलं; रंगाऱ्याने गरुडाला स्वल्प जास्तच पिवळा केलाय, कावीळ झाल्यासारखा. भीमसेन अर्चक पूजा वेळेवर करतात. अभिषेकाला मात्र सध्या नळाचं पाणी घेतात, कल्याणीतलं नाही. त्या तळ्याच्या पायऱ्यांवर शेवाळ झालंय, पाय घसरेल, असं मी त्यांना सांगितलं. शेवाळ आहेच; पण ते कारण नव्हे.

हे वाक्य लिहून मी उठले, पाणी प्याले आणि परत बसले. मठाच्या कचेरीत फोन आहे हे ठाऊक आहे. पण हे फोनवर सांगण्यासारखं नाही.

अण्णा, कासव कल्याणीत नाही.

ते जिवंत आहे. घाबरू नका, आधी सगळं वाचा.

उडुपीहून परतताना मलपेच्या किनाऱ्यावर तुम्ही ते जाळ्यात अडकलेलं पाहिलंत. त्याचं पुढे काय होणार ते कळल्यावर कोळ्यांशी भांडलात, ओली पोती अंथरून टेम्पोतून इथे आणलंत आणि कूर्मावतार म्हणून देवळाच्या कल्याणीत सोडलंत. मी विचारलं होतं, "अण्णा, समुद्र तिथेच होता ना?" तुम्ही म्हणालात, "समुद्रात जाळी आहेत. देवळात कोण जाळं टाकतंय?" तुम्ही त्याचा जीव वाचवलात, यात मला आजही शंका नाही.

पण ते नदीतलं कासव नव्हतं. त्याचे पाय वल्ह्यांसारखे. पायऱ्या चढणं त्याला जमेना. डोकं बाहेर काढलं की डोळ्यांतून चिकट पाणी ओघळायचं. लोक म्हणाले, भक्तीचे अश्रू. शनिवारी रांग लागू लागली. समुद्राचं कासव अंगातलं जास्तीचं मीठ डोळ्यांवाटे टाकतं, हे मी सांगितलं तेव्हा तुम्ही सगळ्यांसमोर हसलात. "आमची अहल्या पुस्तकातलं कासव सांगते, मी पाण्यातलं दाखवतो!" मीही हसले. शाळेत जाण्याआधी मागच्या सोप्यात बसवून तुम्हीच मला अक्षरं आणि गणितं शिकवलीत. तुम्ही माझे चुलते कमी आणि गुरुजी जास्त. तुमच्यासमोर बोलताना माझी जीभ अजून पाटीवरच्या पेन्सिलीसारखी थरथरते.

तुम्ही मंत्रालयम्‌ला गेलात आणि अश्रू थांबले. भीमसेन म्हणाले, "देव संतुष्ट झाला." गोड्या पाण्यात राहून त्याच्याकडे टाकायला मीठच उरलं नव्हतं. पाठीवर पांढरे डाग आले. एकाच भिंतीला नाक लावून ते तासन्‌तास पर हलवत राही. आणि खात काहीच नव्हतं. लोक केळी, पुऱ्या, दहीभात टाकत. ते सगळं पाण्यावर आंबत होतं. त्याचं खाणं म्हणजे खेकडे आणि कोळंबी.

आता पुढचं वाचून पत्र खाली ठेवावंसं वाटेल. ठेवू नका.

मी शिवाजीनगरच्या मासळीबाजारात गेले. माझं कुंकू, माझी वेणी पाहून मासळीवाली म्हणाली, "रस्ता चुकी क्या, मा? कित्ता होना?" किती, हे मला कुठे माहीत? मी म्हणाले, एका कासवाला पुरेल इतकं. ती शेजारणीला ओरडून म्हणाली, "सुनी क्या? लोगां कछुवे का सालन पकाते, ये कछुवे को खिलाने आयी!" सगळा बाजार हसला.

दुपारी देऊळ बंद असताना मी कल्याणीत उतरले आणि चिमट्याने कोळंबी त्याच्यापुढे धरली. आधी त्याने ती बुडू दिली. मग घेतली. अण्णा, ते खात होतं आणि मी विष्णुसहस्रनाम म्हणत होते.

मग रोज गेले. काकूंना माझ्या हाताचा वास आला. मी सगळं सांगून टाकलं. त्यांनी आधी माझे हात धुवायला लावले. मग म्हणाल्या, "नरसिंहाला कुणी पुरणपोळी वाढली होती का? अवतार देवाचा असला तरी पोट कासवाचंच. पण चिमटा माझ्या स्वयंपाकघरातला असेल तर तुला उंबऱ्याच्या आत घेणार नाही." चिमटा नवा होता.

त्या सगळ्या दिवसांत भीमसेन त्याच कल्याणीतून अभिषेकाचं पाणी काढत होते. मी पाहत होते आणि गप्प होते. कासव गेल्यावर मला शेवाळाचं कारण सुचलं. देवळाचे विश्वस्त तुम्ही आहात. कल्याणीची शुद्धी कशी करायची, मला प्रायश्चित्त काय, ते तुम्ही ठरवा. मी ते घेईन.

पोटात अन्न गेलं तरी डाग वाढतच होते. म्हणून मी वनखात्यात गेले. तिथल्या अधिकाऱ्यांनी विचारलं, "कुणी आणलं?" मी म्हणाले, "ज्यांनी जाळ्यातून सोडवलं, त्यांनी." त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि पुढे विचारलं नाही. भर दुपारी देवळाच्या मागच्या दाराशी जीप आली आणि त्यांच्या माणसांनी कासव उचलून आत ठेवलं. उडुपीला जातो असं घरी सांगून काकू आणि मी त्याच जीपमधून गेलो. सांगितलेलं खोटं ठरू नये म्हणून आधी श्रीकृष्णाचं दर्शन घेतलं.

मलपेला त्याला वाळूवर ठेवलं, तर ते हलेचना. काकू पदर खोचून पाण्यात शिरल्या आणि ओंजळीने त्याच्या डोक्यावर पाणी घालू लागल्या. "ऊठ रे बाबा, तुझ्यासाठी मी खोटं बोललेय." मग एक लाट त्याच्याखाली गेली. इतकं जड, इतकं बोजड ते जनावर, पण तिथे असं वळलं की आम्हाला त्याची पाठसुद्धा नीट दिसली नाही. कल्याणीत मी त्याला कधी पोहताना पाहिलंच नव्हतं, हे मला तेव्हा कळलं.

परत आलो, तर इथे चमत्कार झालेला. "कूर्मस्वामी वैकुंठाला गेले," भीमसेन डोळे पुसत सांगत होते. जयतीर्थअण्णांच्या पुण्याईने कूर्म आले, दर्शन देऊन गेले, असं जो तो बोलतोय. काकू म्हणाल्या, "राहू दे गं. त्यांचं नाव झालं, कासव घरी गेलं. गप्प बस."

बसलेही असते. पण काल के. आर. पुरमचे उमाकांतराव आले, ट्रकवाले. त्यांनी रामनवमीला मद्रासच्या किनाऱ्यावरून कासवांची जोडी आणून सोडायचा नवस केलाय. "एकटा होता म्हणून देव गेला. आता जोडीच बसवू!" तिथल्या कोळ्यांना निरोपही गेलाय. तुम्ही जाळ्यात सापडलेलं सोडवलंत; ही आता मुद्दाम धरली जातील.

मी समजवायला गेले. ते म्हणाले, "पोरी, अण्णांचं कासव इथे राहिलं की नाही?" यावर मी काय बोलू?

म्हणून हे पत्र. तुम्ही उमाकांतरावांना दोन ओळी लिहा. कासव वैकुंठाला नाही, मलपेला गेलं. इथे ते उपाशी मरत होतं. पुतणीने चोरून नेलं असं लिहिलंत तरी चालेल. मला वाईट म्हणा, पण जोडी येऊ देऊ नका. तुमचं उत्तर आलं नाही, तर रामनवमीआधीच्या बैठकीत मी उभी राहीन आणि कोळंबीसकट सगळं सांगेन. माझा आवाज फुटणार नाही कदाचित, पण सांगेन. माझ्या तोंडून ते तुमच्याविरुद्ध बोलल्यासारखं वाटेल. तुमच्याकडून आलं तर लोक ऐकतील.

पत्राच्या शेवटी 'आपली आज्ञाधारक' असं लिहायला तुम्हीच शिकवलंत. आज तो शब्द लिहिला तर खोटं होईल, गाळला तर तुम्हाला लागेल. दोन्हींचा विचार करून गाळते आहे.

तुमचीच,
अहल्या