डिकीतला सबवूफर जागेवर आहे

मालवण,
गुरुवार, १४ मे

घडले ते असे:

१. रविवार, २६ एप्रिल. तुमच्याकडे सहा क्रेट हापूस उतरवून आमची गाडी दुपारी सव्वातीनला दोडामार्गाहून निघाली. गाडी तुमचा भाचा प्रीतम चालवत होता, मी त्याच्या शेजारी, बाबा मागे. बाबांच्या मांडीवर तुम्ही दिलेला फणस.

२. बांद्याच्या अलीकडे म्हैस आडवी आली. प्रीतमने ब्रेक दाबला. गाडी थांबली.

३. डिकीतला सबवूफर थांबला नाही.

४. सबवूफर सीटवर, सीटची पाठ बाबांवर, बाबा फणसावर, फणस गिअरवर.

५. गंभीर इजा कोणाला नाही. म्हैस गेली. फणस बरको, म्हणजे लिबलिबीत गऱ्यांचा, होता.

तीर्थस्वरूप दत्तामामांना तेजस्वीचा नमस्कार. तुमचा गुडघा आता बरा असेल, आणि नसला तरी तुम्ही बराच आहे म्हणणार, म्हणून मथुरामामींनाच वेगळे विचारते. आईने तुम्हाला फोनवर सांगितलेल्या हकिकतीत दोन म्हशी आणि एक ट्रक आहे असे कळले, त्यामुळे खरे काय ते वर आधीच लिहून टाकले. फोन न करता कागदावर लिहायचे कारण एवढेच की फोनवर तुम्ही "बघया" म्हणता आणि पुढे मामींच्या हातात फोन देता.

सबवूफर म्हणजे गाण्यातला फक्त ढमढम आवाज काढणारा लाकडी डबा. आमचा अठरा किलोचा आहे. प्रीतमने तो मार्चमध्ये घेतला, कारण लग्नाची वऱ्हाडे गाडी ठरवण्याआधी गाडीत गाणी कशी वाजतात ते विचारतात (ब्रेकबद्दल अजून कोणी विचारलेले नाही). डबा त्याने डिकीत नुसता ठेवला होता. मी त्याला दोनदा सांगितले होते की हा पक्का बांधायला हवा. दोन्ही वेळा त्याने गाणे मोठे केले. म्हशीनंतर रस्त्याच्या कडेला उभे राहून, केसांतला गरा काढत, तो म्हणाला, "दीड म्हयनो हल्लो नाय तो! माका काय म्हायत!" त्यावर बाबांनी जे सांगितले त्याहून नेमके निदान मलाही करता आले नसते. "हल्लो नाय, कारण माझे आंबे तेका धरून होते रे!"

ते खरे होते. जाताना भरलेले क्रेट आणि येताना रिकामे क्रेट, असे दीड महिना ते सबवूफरला चारी बाजूंनी दाबून होते. त्या रविवारी मात्र मथुरामामींनी काजूच्या बिया सुकवायला म्हणून सहाही क्रेट ठेवून घेतले. यात मामींचा काही दोष नाही. (क्रेटसाठी मागची अर्धी सीट पाडली होती, ती वर करताना खटका नीट बसला नाही, तो दोष माझा. सीट मीच वर केली होती. हे प्रीतमला अजून माहीत नाही.)

घरी येताच बाबांनी जाहीर केले, "तो डबो आधी खाडयेत टाक." त्यांची पाठ दोन दिवस धरली होती आणि गिअरच्या दांड्याचा चीक काढायला पाव लिटर खोबरेल गेले होते, त्यामुळे कोणी वाद घातला नाही. मी फक्त चार दिवस मागितले.

डिकीचा गालिचा काढला, गाडीखाली जाऊन पेट्रोलची टाकी, नळ्या आणि वायरी कुठून जातात त्याचा नकाशा काढला. डिकीचा पत्रा इतका पातळ की त्यात नुसता स्क्रू मारला तर पुढच्या म्हशीला तो पत्र्यासकट येईल. मी दीड दिवस आकडेमोड करत होते. मग फळी आणायला देवबागला होड्या बांधणाऱ्या शिवा मेस्तकडे गेले. त्याने माझा कागद उलटा धरून पाहिला आणि म्हणाला, "होडयेत काय्यव बसवताना फळयेक धरू नको गो, बरगडयेक धर." म्हणजे पत्र्याला नाही, गाडीच्या सांगाड्याला. हे आम्हाला डिप्लोमाच्या तिसऱ्या सहामाहीत होते, पण तिथे त्याला अकरा पाने लागली होती.

तसेच केले. होडीच्या प्लायवूडची फळी, तिला खालून बोल्टने जखडलेला डबा, आणि फळीला चार लोखंडी पट्ट्या, ज्या सांगाड्यात कंपनीने आधीच ठेवलेल्या भोकांत बसवल्या. नवीन भोक एकही नाही. मासे तोलायचा हुकाचा काटा लावून मी आणि प्रीतमने डबा ओढून पाहिला. काटा पन्नास किलोवर गेला, डबा हलला नाही. प्रीतम हात सुटून मागे पडला.

बाबांना ही तपासणी अपुरी वाटली. त्यांनी अंगणात गाडीपुढे नारळ ठेवून गाऱ्हाणे घातले. "बा देवा म्हाराजा, आज ह्या तुझ्या लेकरान गाडयेत डबो बसवल्यान हा, तो वळणात, खड्ड्यात, खंयच हालता नये रे म्हाराजा!" आम्ही सगळे, "व्हय म्हाराजा!" "आनी काय चुकला माकला आसात, तर ता चेडवाच्या नाय, झिलाच्या माथ्यार घाल रे म्हाराजा!" आम्ही सगळे, "व्हय म्हाराजा!" सवयीने खुद्द झील, म्हणजे प्रीतमही.

डबा हलला नाही. बाबा नाक्यावर सांगतात की ते गाऱ्हाण्याने. मी विरोध केलेला नाही, कारण दोन आठवड्यांत पाच गाड्या आल्या. नाक्यावरच्या बाबलीच्या पर्यटकांच्या व्हॅनमध्ये बर्फाची पेटी बसवली, एका भजनी मंडळाच्या जीपमध्ये स्पीकरची जोडी. प्रत्येक जण मला आधी हेच विचारतो, "बोल्ट तू बसव गो, पण गाऱ्हाणा बाबाच घालतले मा?" गोव्याला भाडी नेणाऱ्या एकाने गाऱ्हाणे पत्रादेवीच्या हद्दीपलीकडे चालते का असे विचारले. बाबांनी विचार करून सांगितले, "पत्रादेवीपर्यंत माझी खात्री. फुडे तेंचे देव बघतले."

पत्राचा उद्देश एवढाच की मामींचे काजू सुकले असतील तर क्रेट परत पाठवावेत. बाकी ठीक. पुण्याच्या कंपनीतून मला नोकरीचे पत्र आले आहे, तिथेही माझे चांगले होईल. मामींना नमस्कार.

तुमची,
तेजस्वी

ता. क. १: क्रेट राहू देत. कुडाळला हमरस्त्यालगत तुमचे काजूचे गोदाम तीन वर्षे बंद आहे. ते मला सहा महिने कामाला द्याल का? गाडीत सामान पक्के बसवून देण्याचे काम तिथे चालेल असे मला वाटते. आमच्या अंगणात एका वेळी एकच गाडी मावते आणि ती तुळशीला टेकते.

ता. क. २: बाबांना विचारले. म्हणाले, "दत्ता व्हय म्हणालो तर माझी ना नाय." त्यानंतर कुडाळची पहिली एसटी किती वाजता आहे ते त्यांनी आईला विचारले. मी ऐकले नाही असे त्यांना वाटते.

ता. क. ३: पुण्याबद्दल वर लिहिले ते सभ्यपणाने लिहिले. मला जायचे नाही. हे मी आतापर्यंत कोणाला सांगितलेले नाही. पुण्याला होय की नाही ते सोमवारी, २५ मे रोजी कळवायचे आहे.

म्हणून तुमचे उत्तर शुक्रवार, २२ मेपर्यंत लेखी मिळावे.