ड्रमंड, मुलुंड पूर्व

७ नोव्हें.
...आणि पप्पांनी गळ्यातला मफलर काढून टेबलावर ठेवला. लाल-हिरव्या चौकटींचा, फक्त नाताळात घालायचा. आज आधीच कपाटातून काढला होता, आमच्या पत्राचं उत्तर ऐकायला. स्कॉटलंडच्या चर्चने कळवलं: पाद्री ड्रमंड अविवाहित वारले. कोकणातल्या अनाथालयातल्या मुलांना त्यांनी आपलं आडनाव दिलं. पप्पांचे आजोबा त्यांतले एक. आधीचं नाव, गाव, काही नाही.
"म्हणजे आपण स्कॉटिश नाही?"
"नावापुरते," मी म्हटलं.
"आणि मी ऑफिसात जन्मभर सांगत आलो!"

८ नोव्हें.
पप्पा नीट जेवले नाहीत. ताट उचलताना म्हणाले, "तुझी आई गेली तेव्हा चर्चमध्ये घरच्यांच्या बाकावर आपण दोघंच. माझ्या वेळी तू एकटी."
म्हणजे त्यांना माणसं हवी आहेत. स्कॉटलंड निमित्त.

१५ नोव्हें.
ड्रमंड म्हणजे डोंगराच्या धारेवरचे, असं वाचलं. त्यांना सांगितलं.
"धार? ती मुलुंडच्या मागेही आहे की."
हसले. बरं वाटलं. शाळेचे पेपर तपासायचे राहिले.

२ डिसें.
शेजारच्या परबकाकूंच्या मुलाचं लग्न परवा. आज सोसायटीच्या हॉलमध्ये देवक. गावाहून त्यांच्या कुळाच्या झाडाची, कळंबाची डहाळी आणलेली. पप्पा खुर्चीतून उठून जवळ गेले. हात लावला नाही.
"हा आमच्यात तोडत नाहीत. चुलीतही घालत नाहीत. आजोबांची सक्त ताकीद होती."
का, ते आमच्या घरी कधी कुणी विचारलं नव्हतं. मीही नाही.
काकू हळदीचा हात तसाच धरून उभ्या. "कळंब? तो तुमचा देवक ओ ड्रमंडकाका! मगे सायबाचे खंयचे तुमी!" हॉल हसला. "देवक एक म्हणजे भाऊबंद. बरा झाला, तुमच्या शीलाक माझ्या दिरासाठी मागणी घालूक नाय!"
दीर लाजला. मीही, या वयात.
पप्पांनी दोनदा विचारलं, भाऊबंद म्हणजे नक्की कसे.
घरी आल्यावर मी म्हटलं, पप्पा, अर्ध्या कोकणाचं देवक कळंब असेल. त्यावरून काही सिद्ध होत नाही.
"अर्धं कोकण?" ते म्हणाले. "कालपर्यंत कोणीच नव्हतं."

३ डिसें.
सकाळी काकूंनी पप्पांना गावी, आपल्या सासऱ्यांना फोन लावून दिला. खूप म्हातारे, लग्नाला येऊ शकत नाहीत. वाडीतलं एखादं पोर मिशनकडे गेल्याचं लहानपणी कधी ऐकलंय का, एवढंच विचारायचं होतं. तिकडून त्यांनी विचारलं, कोण बोलतंय. पप्पा म्हणाले, "ड्रमंड. मुलुंडहून." मग तिकडून येणारी वाडीतल्या माणसांची नावं बराच वेळ ऐकत राहिले. मी फोन मागितला, तर हाताने थांब म्हणाले.