ह्यांच्यासाठी धरलेली जागा

रविवार, ९ तारीख

चिमणे, पोचले गं बाई! तुझी आजी धक्क्यासमोरच्या लॉजात पलंगावर पाय पसरून बसलीय आणि खिडकीतून बोट दिसतेय. बोट कसली, आख्खी गल्ली उभी करून पाण्यात सोडलीय. मी तर हातच जोडले. लॉजवाला हसला. हसू दे, त्याचं काय जातंय.

तू ही वही दिलीस आणि म्हणालीस, आजी, रोज लिही, आल्यावर मी वाचणार. चौथीत शाळा सुटलेल्या बाईला लिही म्हणणं म्हणजे कोंबडीला उड म्हणण्यासारखं. पण लिहिते. शनिवारी तू धक्क्यावर मला घ्यायला येणार. बोटीच्या जिन्याच्या अगदी खाली उभी राहा, पण धक्काबुक्कीत शिरू नकोस, दिवस भरत आलेत तुझे. खरं तर मी आत्ता तुझ्याजवळ हवी. पण हट्ट तुझाच. बाळ आलं की आजी, तू घरातून हलणार नाहीस, म्हणालीस, आजोबांच्या मनात होतं ते आत्ताच उरकून ये. बाळाची पहिली अंघोळ मात्र माझ्या हातची. त्यात तुझ्या सासूबाईंनी लुडबुड करायची नाही, आत्ताच लिहून ठेवते.

एक दिवस आधी पोच म्हणालीस ते सोळा आणे खरं. आमच्या सहलीतल्या मास्तरांची गाडी वाटेतच रखडलीय. बोट उद्या आहे म्हणून त्यांचा जीव भांड्यात, नाहीतर बसले असते हात हलवत. औषधं खांद्यावरच्या पिशवीत ठेवलीत, मोठ्या बॅगेत नाही. पासपोर्टाची झेरॉक्स वेगळी. हो गं, सगळं केलंय.

एकच केलं नाही, रागावू नकोस. तिकीट काढलं तेव्हा हे होते. तू म्हणालीस, फोन करून आजोबांचं नाव कमी करायला सांग. लावला मी फोन. पलीकडची मुलगी गोड बोलली, नाव विचारलं. उभ्या संसारात मी ह्यांचं नाव घेतलं नाही, आणि आता घ्यायचं ते कापायला? तिलाच जेवलीस का म्हणून विचारलं आणि फोन ठेवला.

मग बॅगांना बांधायच्या चिठ्ठ्या आल्या, एक माझ्या नावाची, एक ह्यांच्या. छापील नाव केरात कसं टाकू? ह्यांची तपकिरी बॅग भरली. मी विणलेला स्वेटर, सपाता, दाढीचं सामान. तुला ठाऊक आहे, आगगाडीत हे प्रत्येक स्टेशनावर उतरायचे. म्हणायचे, तू जागा धर, मी आलोच. मी रुमाल टाकायची, पिशवी ठेवायची. कोणी आलं की सांगायची, माणूस आहे इथे. शिट्टी व्हायची, गाडी हलायची, माझा जीव टांगणीला, आणि हे दारातून हसत यायचे, हातात चहा. एकदाही मी जागा जाऊ दिली नाही. मग आत्ताच कशी देऊ?

सोमवार, १० तारीख

बोटीवर आले! खोली म्हणजे कपाटाला खिडकी पाडलीय, पण गोड. मधल्या भागातली, खालच्या मजल्यावरची घेतलीस ते बरं केलंस. वरच्या मजल्यावरच्या एक बाई आत्ताच भिंती धरून चालतायत. भिंती लोखंडी आहेत, तू दिलेले लोहचुंबकाचे हूक टपाटप चिकटले. एकावर माझी शाल टांगली, एकावर ह्यांचा स्वेटर. बरा दिसतो.

आमचा सहलवाला सारखा झेंडा हलवतो म्हणून मी त्याला झेंडेवाला म्हणते. तो म्हणाला, आजी, बोटीचं कार्ड गळ्यातून काढायचं नाही. तेच चावी, तेच ओळख, तेच पाकीट. मी सगळ्या खोलीभर कार्ड शोधलं आणि ते गळ्यातच. काखेत कळसा. कार्डं दाराबाहेर पाकिटात ठेवली होती. दोन. ह्यांचंही.

दुपारी जीव वाचवायची तालीम झाली. बोट बुडायला लागली तर कुठे उभं राहायचं ते दाखवतात. खुर्च्यांवर बसवतात आणि एक मुलगी यंत्राने प्रत्येकाचं कार्ड वाचते. मी सवयीने शेजारच्या खुर्चीवर रुमाल टाकला. मुलगी आली. मी दोन्ही कार्डं पुढे केली. तिने खुर्चीकडे पाहिलं. मी म्हटलं, माणूस आहे इथे. तिला आपली भाषा कुठली कळायला, पण गर्दी एवढी की तिने मान हलवली. यंत्र टिंग म्हणालं. मग परत टिंग.

इतकं बरं वाटलं मला. ह्यांची हजेरी लागली.

मंगळवार, ११ तारीख

आज दिवसभर नुसतं पाणी. डोळे दमतात, पाणी दमत नाही.

सकाळी नाश्ता करून आले तर खोली आवरणाऱ्या बाई दारातच. लांबच्या देशातल्या आहेत, आम्ही हातवाऱ्यांवर बोलतो. त्यांनी तळवे जोडून गालाखाली धरले, ओठांवर बोट ठेवलं आणि बोटांनी हवेत मोठ्या मिशा काढून दाखवल्या. म्हणजे साहेब झोपलेत, नंतर येते. मी हसले. म्हटलं ह्यांचा स्वेटर पाहून फसल्या. आत आले तर ह्यांच्या बाजूच्या गादीला खळगा. कोणी कुशीवर झोपल्यासारखा. हात ठेवला तर ऊब.

चिमणे, मी घाबरले नाही. मी अहो म्हणून हाक मारली आणि रडत सुटले. खिडकीचा पडदा पूर्ण उघडला. म्हटलं, बघा, समुद्र बघा, आयुष्यभर कॅलेंडरावर पाहिलात तो.

वरून दोन कप चहा आणला आणि तोंड धुवायला गेले. परत आले तर ह्यांचा कप अर्धा. साय बोटाने काढून बशीच्या कडेला लावलेली.

शेजारच्या खोलीत एक निवृत्त नर्सबाई आहेत, आमच्याच सहलीतल्या. त्यांना सांगितलं. त्यांनी माझा हात धरला, म्हणाल्या, आजी, मालक गेल्यावर मीही वर्षभर दोन ताटं घ्यायची. चांगल्या आहेत बिचाऱ्या. समजूत घालत होत्या.

एक मात्र खटकलं. ह्यांचा सायीवर भारी जीव, अगदी माझ्यासारखाच. पातेल्यातली सुद्धा चोरून खायचे. मग कडेला का लावली? असेल. तिकडे गेल्यावर माणसाच्या सवयी बदलत असतील.

बुधवार, १२ तारीख

पहिलं बंदर. घड्याळ बोटीच्या वेळेवरच ठेवलं, तू बजावलं होतंस. किनाऱ्यावरची घड्याळं वेगळी चालतात, त्यांच्यावर विसंबला तो बुडाला. झेंडेवालाही तेच म्हणाला. उशीर झाला तर बोट कोणासाठी थांबत नाही, आजी, मग मी झेंडा हलवून टाटा करणार. मास्तरांच्या बायकोने टोमणा मारला, आमचे हे रखडणारच, त्यांना आत्ताच टाटा करून ठेवा.

दगडी रस्ते, उताराचे, गुडघे बोलायला लागले. ह्यांच्यासाठी एक टोपी घेतली.

येताना जिन्याच्या तोंडाशी पहारेकरी कार्ड वाचतो आणि त्याच्या पडद्यावर आपला फोटो येतो. माझा आला. टिंग. मी पुढे सरकले. मागे कोणीही नव्हतं, चिमणे. परत टिंग. ह्यांचं कार्ड तर मी खोलीतच ठेवलं होतं. पहारेकऱ्याने अदबीने बाजूला होऊन कोणाला तरी वाट दिली.

मी वळून पडदा पाहिला. स्वेटर ह्यांचाच, मी विणलेला, कोपराला चुकलेला टाका सुद्धा. वर चेहरा ह्यांचा नव्हता. कोणाचाच नव्हता. पाटी पुसताना खडू पसरतो तसा पसरलेला, अजून ठरायचा असलेला.

टोपी खोलीबाहेरच्या बाकावर ठेवून आले. आत न्यावीशी वाटली नाही.

गुरुवार, १३ तारीख

समजलं मला. उशिरा समजलं.

गाडीत रुमाल टाकून जागा धरली तरी डुलकी लागली की कोणीही येऊन बसतं. ज्याला जागा नाही असा कोणीतरी सगळीकडे उभाच असतो. मी म्हटलं, माणूस आहे इथे. कोण आहे ते कुठे सांगितलं?

हे आलेच नाहीत गं. कोणी भलतंच आलं.

सकाळी मोरीतून खोकला ऐकू आला. माझाच खोकला, शेवटी घसा ओढते तो. मी पलंगावर होते, तोंड मिटून.

झेंडेवाल्याला घेऊन चौकशीच्या खिडकीवर गेले. त्याला म्हटलं, हिला सांग, ह्यांचं नाव कापायचंय. तो म्हणाला, आजी, नाव सांगा. मग मी घेतलं नाव. उभ्या जन्मात पहिल्यांदा, भर दिवसा, लोकांच्या रांगेत. ह्यांचं नाव किती छान आहे, चिमणे. घरात कोणी नसताना तरी एकदा घ्यायला हवं होतं, ह्यांना ऐकू जाईल असं.

मुलीने यंत्रात पाहिलं. झेंडेवाल्याने मला सांगितलं की साहेब प्रत्येक तपासणीला हजर आहेत, जेवलेत, बंदरावर उतरून परत चढलेत. हजर माणसाचं नाव कसं कमी करणार? मग ती मुलगी माझं कार्ड यंत्राला लावत राहिली. लावत राहिली. टिंग होईना. तिने माझ्याकडे बघून काहीतरी विचारलं. झेंडेवाला कसनुसा हसला आणि मला म्हणाला, ती विचारतेय, ह्या बाई कोण.

खोलीचं दारही माझ्या कार्डाने उघडलं नाही. आतून उघडलं.

नर्सबाईंनी गोळी दिली, आपल्या खोलीत निजवलं. झोप कसली.

शुक्रवार, १४ तारीख, सकाळ

हे शेवटचं बंदर. उद्या आपला धक्का, उद्या तू.

आवरणाऱ्या बाई भेटल्या. आज मिशा काढल्या नाहीत. आमच्या खोलीकडे बोट केलं, मग माझ्या चेहऱ्याकडे, आणि दोन बोटं शेजारी शेजारी जुळवली. बहीण का, म्हणून विचारत होत्या. जुळी?

मला बहीण नाही.

आपल्या बॅगा आज दाराबाहेर ठेवायच्या, उद्याचे कपडे तेवढे जवळ. तू सांगितलं होतंस, एक बाई सगळंच बाहेर ठेवून बसली आणि गाऊनवर उतरली. किती हसलो होतो आपण. दाराबाहेर माझी बॅग आधीच ठेवलेली आहे. मी नाही भरली. दार उघडंच आहे, ह्यांची तेवढी आत, पलंगावर.

म्हणजे उद्या माझ्या बॅगेबरोबर, माझ्याच रूपात, ते भलतंच उतरणार. तुझ्याकडे. बाळाकडे.

एक सुचलंय. त्याला जागा हवी. ह्यांची बॅग, सपाता, स्वेटर सगळं घेऊन खाली उतरते. धक्क्यावर बाक आहे. तिथे त्याची जागा धरते. ते बसलं की मी उठून बोटीवर. बोट थांबत नाही कोणासाठी. त्याच्यासाठी तरी का थांबेल.

दुपार

उतरले. कार्ड वाजलं नाही, पण पहारेकऱ्याने अडवलंही नाही. माझ्याकडे पाहिलंच नाही त्याने.

बाकावर बसलेय. शेजारी बॅग, तिच्यावर स्वेटर, खाली सपाता. म्हटलं, या. माणूस आहे इथे.

लोक परत चढतायत. झेंडा दिसतो. नर्सबाई मला शोधतायत बहुतेक, हाक मारली, वळल्या नाहीत.

बाक हलला. बसलं —

बघत नाही मी तिकडे. नुसती लिहितेय. ऊन आहे तरी ती बाजू गार. शिट्टी झाली. आता उठते, बाळा, आलेच —

उठता येत नाही

मांडीवर बॅग आहे. ह्यांची बॅग. मी ठेवली नव्हती. जड, ओलं धुणं भरल्यासारखी जड. गळ्यातली दोरी ओढली कोणी तरी, हळूच, मायेने. कार्ड —

कानाशी बोललं. माझ्या आवाजात. म्हणालं, तू जागा धर, मी आलेच.

चाललंय. माझी शाल. उजवा गुडघा दाबत, माझ्यासारखंच. नर्सबाईंनी हात पुढे केला त्याला. झेंडेवाला हसतोय. टिंग. इथपर्यंत ऐकू आलं.

जिना उचलला —

अहो, तुम्ही असाल तिथून या हो, एकदा या, ही जागा तुमची —

चिमणे, ही वही कोणी आणून दिली तर. शनिवारी जिन्याच्या खाली उभी राहू नकोस. मी दिसेन तुला. हात हलवेन. बाळाला घ्यायला हात पुढे करेन. चहा दे तिला. साय बघ, साय कडेला काढली तर दार —