तुमच्या माळेवर मोजलेली छिद्रे

अण्णा, तुम्ही गेलात त्याला तीस वर्षे झाली. तुमची तुळशीची माळ माझ्याकडे आहे आणि तिच्याविषयीच सांगायचे आहे. मी आता जर्मनीत, इंगोलश्टाटला मुलाकडे असतो. तुम्ही या नातवाला पाहिलेत ते पाळण्यात. आता तो मोटारींच्या कारखान्यात अभियंता आहे. दोन हजार सहाच्या हिवाळ्यात अमेरिकेतल्या सहकाऱ्यांनी त्याला टर्कीच्या शिकारीला बोलावले. टर्की म्हणजे मोरासारखा थोराड रानपक्षी. कोणते काडतूस नीट लागते हे पाहायला तो इथल्या नेमबाजीच्या मैदानावर निघाला, आणि छर्ऱ्यांची छिद्रे मोजायला मला चला म्हणाला. सून स्वयंपाकघरातून म्हणाली, "अहो बाबा, सरळ नाही म्हणा. दुसरं कुणी तयार नाही, म्हणून तुम्ही." तो हसला. "अगं, कागद आहे तो. कागदाला कसला जीव?" मग आवाज उतरवून मला म्हणाला, "बाबा, छर्रे विरळ पडले तर पक्षी झुडपात दोन दिवस तडफडतो. तसं होऊ नये म्हणूनच हे सगळं." त्याला थोपवण्याचे बळ माझ्यात उरले नव्हते. मी कोट चढवला.

मैदानावर थंडी झोंबते आहे. मी बाकावर, हात खिशात, खिशात माळ. चाळीस पावलांवर कागद, त्यावर टर्कीचे डोके आणि मान, भोवती तव्याएवढे वर्तुळ. बार झाला की तो कागद आणून माझ्या मांडीवर ठेवतो. "वर्तुळातलीच मोजा." पहिल्या काडतुसाचा कागद विरळ. दुसरा जरा बरा. तिसऱ्यावर छिद्रांची नुसती चाळण. डाव्या हाताचे बोट छिद्रांवरून सरकते आहे आणि उजवा हात खिशात मणी ओढतो आहे, हे मला मेरुमण्याशी पोचल्यावर कळले. एकशे आठ झाली होती, छिद्रे उरली होती. मेरू ओलांडायचा नाही हे तुम्ही लावलेले वळण. बोटांनी आपण होऊन माळ उलट फिरवली आणि मी मोजत राहिलो. प्रत्येक छिद्राला नाम घेतले गेले होते.

लहानपणी जप करता करता मी वाळवणावरच्या कावळ्याला दगड मारला होता. त्याचा पंख लोंबू लागला. स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात तुम्ही हीच माळ माझ्या हातून काढून घेतलीत. "सर्व यज्ञांत जप श्रेष्ठ, कारण त्यात कुणाचा जीव जात नाही," इतकेच म्हणालात, आणि महिनाभर माळ दिली नाहीत.

"किती?" मुलाने विचारले. खोटा आकडा ओठांवर आला होता. मग झुडपातले ते दोन दिवस डोळ्यांपुढे आले. "एकशे एकवीस. तिसरेच ने."

"गेनाऊ, अगदी बरोबर," तो खुशीत म्हणाला. "मलाही तेच वाटलं होतं."

अमेरिकेहून परतल्यावर त्याने सांगितले, पक्षी एका बारात जागीच पडला. मी बरे म्हणालो, आणि मला खरोखरच बरे वाटले. तेच अधिक लागले. माळ धुऊन देव्हाऱ्यात ठेवली. ती पुन्हा हाती घेण्याचा धीर झाला नाही. हे योग्य झाले की अयोग्य, याचा निवाडा करण्याइतका मी आता खंबीर नाही, अण्णा. रोज सकाळी गोमुखीत हात घालून बसतो. सून नातीला दटावते, "हळू बोल, आजोबांचा जप चाललाय." गोमुखी रिकामी असते. उद्यापासून तीत हे पत्र असेल.