फोटोतली मधली जागा

आई, आज दुपारी मी आमच्या कंपनीची मुख्य झाले. आधी सांगून टाकते, नाहीतर तू म्हणशील, "मुद्द्याचं बोल गो, भात लागेल तिकडे." कंपनी तू बघितलीच नाहीस. तू गेलीस तेव्हा आमची नुसती बडबड चालायची. आता एमआयडीसीत शेड आहे, तीस-पस्तीस माणसं आहेत, आणि आम्ही क्रेनवर बसवायचं यंत्र बनवतो. क्रेनने झेपेल त्याहून जास्त वजन उचललं की ते बोंब मारतं आणि तिला जागच्या जागी थांबवतं. आम्ही म्हणजे तिघं: मी, तुझ्या खानावळीतला डबल भातवाला, आणि ती जयगडची पोर, जी घरून येताना तुला बांगडे आणायची आणि पैसे द्यायला लागलीस की पळून जायची.

पॉलिटेक्निकची पोरं आपल्या पडवीत जेवायला बसायची ते दिवस मला लख्ख दिसतात. आम्ही तिघं एखाद्या सर्किटवरून भांडत असतो, आणि तू सुपात चिंचा आणून मध्ये आपटतेस. "भांडा पोटभर, पण हात रिकामे नकोत. चिंचोके काढा." हात चिकट झाले की माणूस टेबलावर मूठ आपटत नाही, हे तुला कुठल्या शाळेत शिकवलं होतं देव जाणे. आम्ही आजही तेच करतो. संचालकांची बैठक म्हणजे मधोमध चिंचांचा ढीग. ढीग संपेपर्यंत तिघांचं एकमत होतंच, आणि शेडमधल्या प्रत्येकाच्या घरी वर्षाची चिंच जाते. त्यामुळे आमच्यात मोठं कोण, हे ठरवायची वेळच कधी आली नाही. आणि खरं सांगू, विचारायचा धीरही कोणाला नव्हता. मला तर मुळीच नाही. शाळेच्या गॅदरिंगला मी पहिल्या रांगेत घुसले तेव्हा तू सगळ्यांदेखत दंडाला धरून मागे ओढलं होतंस. "मुलीच्या जातीने पुढे पुढे करू नये." स्वतः मात्र पडवीभर पोरांवर राज्य करायचीस! तू 'हं' म्हटल्याशिवाय एकाचा हात ताटाला लागत नसे. मला तुझा फार राग यायचा तेव्हा. अजूनही थोडा येतो.

तर झालं असं की मुंबईच्या एका मोठ्या कंपनीला त्यांच्या सगळ्या क्रेनवर आमचं यंत्र हवं होतं. एवढं काम मिळालं तर शेडमधल्या कोणालाच पुढची काही वर्षं घोर नाही. त्यांनी कंपनी चालवणाऱ्यांचा फोटो मागवला. फोटोवाला म्हणाला, "मुख्य जे असतील त्यांनी मध्ये या." डबल भातवाला लगेच डावीकडे सरकला, जयगडवाली उजवीकडे, आणि मी तिच्याही पलीकडे. मधोमध राहिली ती भिंतीवरची, आग विझवायच्या वाळूची लाल बादली. केसाएवढा फरक पडला तर आम्ही यंत्र परत खोलतो, पण स्वतःचा फोटो एकानेही बघितला नाही. तसाच पाठवून दिला!

आज ते लोक आले आणि तोच फोटो त्यांनी भल्या मोठ्या पडद्यावर लावला. त्यांच्यातले एक पिकल्या केसांचे इंजिनिअर बराच वेळ बघत राहिले. "यातले मुख्य कोण? बादली?" आम्ही हसलो. ते हसले नाहीत. म्हणाले, "माल वर लटकतोय, खाली माणसं आहेत. तुमचं यंत्र म्हणतंय थांब, आमचा माणूस म्हणतोय चालू दे. मी फोन कोणाला करायचा? तिघांना करत बसलो तर खालच्यांनी तोवर काय करायचं? एक नाव सांगा, नाहीतर हे काम आम्ही दुसरीकडे देतो."

डबल भातवाल्याने जयगडवालीकडे बोट दाखवलं, तिने त्याच्याकडे. आणि मी म्हणाले, "मी. मला करा."

"आणि या दोघांचं मत वेगळं पडलं तर?"

"तर बसून ऐकून घेईन. पण क्रेन आधी थांबेल."

त्यांनी मान डोलावली आणि कागद पुढे ओढले. काम मिळालं, आई! ते लोक गेल्यावर डबल भातवाला खुर्चीत धपकन बसला. "सुटलो बाबा! मला वाटलं, माझ्याच गळ्यात पडतंय." जयगडवालीने तर मला मिठीच मारली. "इतकी वर्षं वाट बघत होते गो, कधी बोलशील म्हणून." मग भाट्याच्या किनाऱ्यावर जाऊन आम्ही तिघांनी भजी खाल्ली आणि उगाचच वेड्यासारखे हसत राहिलो.

दोघांना वाटतंय की ते माझ्या तोंडून अचानक निघालं. मीही तसंच भासवलं. हे पत्र कुठल्याच पेटीत पडायचं नाही, म्हणून तुझ्यापाशी बोलते. अचानक काही नव्हतं. फोटोवाल्यासारखं तेही मुख्य कोण म्हणून विचारणार, हे मला ठाऊक होतं. सकाळी न्हाणीघराचं दार लावून, नळ सोडून, मी ते म्हणून बघितलं होतं: "मी. मुख्य मी." पहिल्यांदा आवाज फुटला नाही. मग नळ बंद केला आणि मोठ्याने म्हटलं. आई, मला ते हवं होतं.