दाब ठीक, ताप ठीक

कुराशिकी,
१३ ऑगस्ट

चि. शुन्साकु यास अनेक आशीर्वाद.

तू आणि मिनाए तिच्या माहेरी सुखरूप पोचलात, हे आईकडून कळलं. इथे उकाडा फार. ओबोनला बाबांचा आत्मा घरी यावा म्हणून आईने काकडीचा घोडा केलाय. काड्यांचे पाय एका उंचीचे नव्हते; मी ते कापून नीट बसवले.

तुझ्यासाठी वहिनीने नवा सदरा आणून ठेवलाय. सुट्टीनंतरच्या पहिल्या सकाळच्या सभेत मालक साचेखात्याचा मुकादम म्हणून तुझं नाव पुकारणार. शिफारस माझी. ती मी मागे घेतलेली नाही. अजून तरी.

नदीचा पूर अडवणाऱ्या पूरदाराच्या रबरी पट्ट्या काल ट्रकवर चढायच्या होत्या. तपासणीचा शिक्का माझा. सांध्यावर नख दाबलं. खूण उठली आणि तशीच राहिली. पक्कं रबर खूण धरून ठेवत नाही. हे मला कुठल्या शाळेने शिकवलं नाही, पण तुला मी शिकवलंय. सांधा चिरून पाहिला. आत कच्चा, मोचीच्या भातगोळ्यासारखा चिकट.

मालक म्हणाले, "अहो मोरिहिको, नखं कापत जा, म्हणजे खुणा उठणार नाहीत!"

"नदी नखं कापून येत नाही, मालक."

"वादळं तोंडावर आलीत. मारा शिक्का!"

मी सुरी घेतली आणि त्यांच्यासमोर एकेक सांधा आरपार कापला. रबराचं मिश्रण माझ्या हातचं; तेच बिघडलं आणि ते लपवायला मी हे केलं, असं त्यांना वाटतंय. मी अजून काही बोललेलो नाही.

या पट्ट्यांचे सांधे तू साच्यात भाजलेस, त्या सकाळी मी तुझ्या साच्यामागेच होतो. तुझं बोट मापकाच्या काट्याकडे, आवाज खणखणीत, "दाब ठीक! ताप ठीक!" डोळे मात्र दाराकडे, कारण मालक पाहुण्यांना घेऊन आत येत होते. बोट दाखवून ओरडायची रीत डोळा जागा राहावा म्हणून आहे. तुझं तोंड सवयीने बोललं. मीही आवाजावर विसंबलो. असं कोणाचंही होतं.

पण काल वीजवाला ओताबे सहज बोलून गेला, "तुमच्या धाकट्याने त्या दिवशी साच्याचा वरचा तापक बदलून घेतला की! म्हणाला, दादाला सांगू नका, ओरडेल."

ओरडलो असतो. तेवढंच झालं असतं. तापक बंद होता हे तुला कळलं, आणि पट्ट्या खोक्यांत भरताना तू गप्प राहिलास.

ज्या घरात आज तू जेवतोयस, ते त्याच पूरदारामागे आहे. सासऱ्यांच्या तोंडाकडे बघून जेव.

सभेत मालक तुझं नाव घेण्याआधी पुढे ये आणि सगळं सांग. मुकादमी जाईल. मी शेजारी उभा राहीन. तू आला नाहीस, तर मी सांगेन. मग मला दादा म्हणून हाक मारू नकोस.

सभेपर्यंत तरी तुझाच,
दादा